पहिलवान आजोबांचं चपान

कपडा हातात घेतला की तो दुरुस्त करून घ्यायच्या लायकीचा आहे की नाही, हे मी एका नजरेत सांगतो! बोयसुनच्या बाजारात कोणालाही विचारा. म्हणजे, माझ्या बायकोला सोडून कोणालाही विचारा.

मी न्हावी. नाव एशमुरोद. आता तुम्ही म्हणाल, न्हाव्याचा आणि कपड्यांचा काय संबंध? अहो, खुर्चीत माणूस बसला की त्याची कॉलर आधी माझ्या हाताला लागते, मान नंतर! ती कॉलर उलटून शिवण्यासारखी आहे की चुलीत घालण्यासारखी, हे मी वस्तऱ्याला धार लावता लावता सांगून टाकतो. गिऱ्हाईक निमूट ऐकून घेतं. वस्तरा माझ्या हातात असतो ना!

सगळ्या बाजारात माझं न ऐकणारी बाई एकच. माझ्या दुकानाच्या भिंतीला लागून शिवणाचं दुकान आहे, त्याची मालकीण. खोलबेका ओपा. ओपा म्हणजे ताई. वयाने मोठी, अंगाने मोठी, आवाजाने तर त्याहून मोठी. दुरुस्तीला आलेला कपडा ती खिडकीपाशी धरते, काखेच्या शिवणीवरून अंगठा फिरवते आणि दोनपैकी एक शब्द बोलते. "ठेवा," नाहीतर "न्या." बस! "न्या" म्हटल्यावर पुढे काही बोलायची सोय नाही. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांना बघून अख्खं गाव बिड्या विझवतं, ते एकदा तिच्या टेबलापुढे आपला ओव्हरकोट घेऊन नापास होणाऱ्या पोरासारखे उभे होते. "न्या" ऐकलं आणि डोळे पुसत गेले.

तर त्या वर्षी माझ्या मुलीचं, अनोराचं लग्न ठरलं. सासर देनोवचं. तिथलं ते घराणंच पहिलवानांचं! व्याही तुरसुनकुल दारातून आत येताना आधी त्यांचं पोट येतं, मग मिशा येतात, आणि बऱ्याच वेळाने बाकीचे व्याही येतात. साखरपुड्याला पुलावाच्या ताटावर बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "काय व्याही, तुमच्याकडे कोणी कुस्ती खेळलंय की नाही?"

"कुस्ती?" मी तंदूरमधल्या नानसारखा फुगलो. "बोयबुरी पहिलवानांचं नाव ऐकलंय?"

व्याह्यांचा हात ताटातच थांबला. "ते बोयबुरी? डोंगरासारखे होते ते?"

"माझे सख्खे आजोबा!"

व्याह्यांनी ताटातला सगळ्यात चांगला मांसाचा तुकडा उचलून माझ्यापुढे ठेवला. इथपर्यंत सगळं छान होतं.

आजोबांना मी पाहिलेलं नाही. माझे वडील जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ते तापाने गेले. पण त्यांची उंची आमच्या घरात अजून नांदत होती! माझी बिबिसोरा आत्या, म्हणजे आजोबांची थोरली लेक, आमच्याकडेच राहते. ती सांगायची, "माझे वडील दारातून वाकून यायचे रे. मान वर करून बघितलं तरी मला त्यांची टोपी दिसायची नाही!" आणि चहाखान्यात नोरमामत बोबा, म्हणजे आमचे म्हातारबाबा, सांगायचे. आजोबांशी शेवटची मोठी कुस्ती ते लढले होते. आता ऐंशी पार झालेत, पण अजून चहाखान्याच्या छताला डोकं टेकेल इतके उंच. "डोंगर होता, डोंगर!" ते काठी आपटून सांगायचे. "त्याने मला उचललं तेव्हा मला खिंडीपलीकडचं गाव दिसलं!" आजोबांना प्रत्यक्ष पाहिलेलं दुसरं कोणी गावात उरलेलं नव्हतं. फोटो एकच, आणि त्यात ते एकटे मांडी घालून बसलेले. सगळा फोटो भरून!

त्या कुस्तीत जिंकल्यावर आजोबांच्या खांद्यावर एक चपान चढवलं होतं. डाळिंबी मखमलीचा, कापूस भरलेला, घोट्यापर्यंतचा अंगरखा. आजी गेली तेव्हापासून ते आत्याच्या ताब्यात, एका गाठोड्यात बांधलेलं. गाठोडं केवढं? बसलेल्या वासराएवढं! आत्या त्याला टेकून बसायची, टेकून चहा प्यायची आणि टेकूनच आम्हाला शिव्या घालायची. उघडून मात्र कोणीच बघितलं नव्हतं.

लग्नात नवरीच्या बापाने चपान घालूनच पाहुण्यांपुढे उभं राहायचं असतं. मी ठरवलं, घालायचं तर ते!

"अगं, आजोबा केवढे अवाढव्य!" मी ओयसुलुवला, माझ्या बायकोला म्हणालो. "ते चपान कापून माझ्या मापाचं केलं की उरलेल्यात तुला एक जाकीट निघेल. वर दोन लोड!"

"आणि तंबू नाही का निघणार?" ओयसुलुव म्हणाली. "पाहुण्यांना बसायला बरा."

"थट्टा करू नकोस. मला कपड्यातलं कळतं."

"अहो, गेल्या वर्षी तुम्हाला कळलं होतं म्हणून माझ्या शालीचा पडदा झाला." ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "आणि आत्याबाईंना काय सांगणार?"

आत्याला मी चाचपून बघितलं होतं. "माझ्या बापाला कात्री लावणाऱ्याचा हात झडेल!" एवढंच ती म्हणाली होती. तेव्हा आत्याला काही सांगायचंच नाही, असं मी मोठ्या धैर्याने ठरवलं.

संधी आली ती भलत्याच वेळी. लग्नाच्या खरेदीला व्याही बोयसुनला आले होते आणि दाढी करायला थेट माझ्या खुर्चीत येऊन बसले. खुर्ची कण्हली. "गुळगुळीत करा, व्याही. मिशांना हात लावाल तर सोयरीक मोडली!" मी एक गाल केला. दुसऱ्या गालाचे केस राठ होते म्हणून फेसावरूनच गरम टॉवेल तोंडावर टाकला. टॉवेलाखालून लगेच घोरणं सुरू झालं. इतक्यात ओयसुलुव हातगाडीवर गाठोडं घालून धापा टाकत दारात!

"आत्याबाई शेजारच्या गल्लीत बाळाला पाळण्यात घालायला गेल्यात. चला लवकर! त्या यायच्या आत माप तरी देऊन टाका!"

मी व्याह्यांकडे पाहिलं. मानेपर्यंत पांढरी चादर, तोंडावर टॉवेल, गाढ झोपलेले. म्हटलं, आत्ता जातो आणि आत्ता येतो.

खोलबेका ओपाने गाठोड्याकडे पाहिलं. "कोणाचं?"

"आजोबांचं. बोयबुरी पहिलवानांचं."

मी तिला आयुष्यात पहिल्यांदा उठून उभं राहताना पाहिलं. तिने कात्री बाजूला ठेवली. कोपऱ्यातल्या सुरईतलं पाणी घेऊन हात धुतले, पुसले. मग म्हणाली, "सोड गाठ."

गाठ सोडली. आत एक गोधडी. गोधडीच्या आत दुसरी गोधडी. तिच्या आत आणखी एक! मग एक चादर, चादरीत अक्रोडाचा वाळका पाला, कसर लागू नये म्हणून घातलेला. गोधड्यांचा ढीग वाढत होता आणि गाठोडं लहान होत होतं. शेवटी टेबलावर ते चपान पसरलं.

डाळिंबी मखमल. काळाने थोडी विटलेली, तरी उन्हात आतून निखारा असल्यासारखी. काठाला बारीक पट्टी. आणि आकाराने... एवढंसं!

भिंतीपलीकडून व्याह्यांचं घोरणं ऐकू येत होतं.

"पोराचं आहे का कोणाच्या?" खोलबेका ओपाने विचारलं.

"आकसलंय!" मी म्हणालो.

"काय?"

"आकसलंय! इतकी वर्षं गाठोड्यात राहिलं. दम कोंडला असेल."

"आकसलं असतं तर आतल्या कापसाचे गोळे झाले असते. हात फिरव. सपाट आहे."

"अंगात घातलं की आपोआप मोकळं होईल. बघू घालून."

"नको," खोलबेका ओपा म्हणाली.

"नको," ओयसुलुव म्हणाली.

म्हणून मी घातलं!

उजवा हात कोपरापर्यंत गेला. डावा हात मागे नेऊन घुसवला, तोही कोपरापर्यंत गेला. मग दोन्ही हात पाठीमागे ओढले गेले, छाती पुढे आली, पोट त्याच्याही पुढे आलं आणि सगळं थांबलं. ना बाह्या वर येईनात, ना खाली जाईनात. कडाक्याच्या थंडीत दोरीवर गोठलेल्या शर्टासारखा मी दुकानाच्या मधोमध उभा! मी जरा खांदे हलवले. काखेतून बारीक आवाज आला. कर्र!

"हलू नकोस!" खोलबेका ओपा गरजली. "श्वाससुद्धा बेताने घे!"

आणि तिकडे काय झालं म्हणता? आत्या चष्मा विसरली म्हणून घरी परत आली. बघते तो भिंतीपाशी गाठोडं नाही! ती तशीच गल्लीत धावली. "एशमुरोदने पहिलवानाला कापायला नेलं हो!"

ही बातमी नानवाल्यापर्यंत आली तेव्हा झाली होती, "एशमुरोद पहिलवानाला कापतोय!" खरबूजवाल्यापर्यंत पोचेतो झालं, "न्हाव्याने पहिलवानाला कापलं! वस्तऱ्याने!" पोलिसाने शिट्टी फुंकली. अख्खा बाजार माझ्या दुकानावर धावून गेला. आत खुर्चीत एक अगडबंब माणूस, मानेपर्यंत पांढरी चादर, तोंड झाकलेलं, शेजारी उघडा वस्तरा. आणि नेमकं त्याच क्षणी व्याह्यांचं घोरणं थांबलेलं!

"गेला बिचारा!" खरबूजवाला ओरडला.

"कोण गेला?" असं म्हणत प्रेत उठून बसलं.

खरबूजवाला दाढीच्या पाण्याच्या घंगाळात बसला. हे सगळं मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, पण मी जाणार कसा? मग लोंढा इकडे वळला. पुढे पोलीस, मागे चादर लपेटलेले व्याही, अर्ध्या तोंडावर फेस, आणि त्यांच्या मागे नान भाजायचा झारा घेऊन नानवाला.

"एशमुरोद! हात वर!" पोलीस ओरडला.

"येत नाहीत हो!"

व्याह्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "व्याही, हे काय अंगात घातलंय?"

आता लपवणार काय? "आजोबांचं चपान," मी म्हणालो.

"बोयबुरी पहिलवानांचं? हे?" त्यांनी चपानाच्या खांद्यावर आपला पंजा ठेवला. पंजा मोठा आणि खांदा लहान! "अहो, हे तर माझ्या धाकट्या मेव्हणीला घट्ट होईल! डोंगर म्हणाला होतात तुम्ही. मी देनोवभर सांगितलंय! माझ्या काकांनी त्या नावावर मेंढा कापलाय!" त्यांचा फेसाळलेला गाल थरथरायला लागला. "ज्या घरात आजोबाच खोटे, तिथे बाकीचं काय काय खोटं असेल?"

ओयसुलुवने तोंडाला ओढणी लावली. अनोराचं लग्न माझ्या काखेच्या शिवणीवर येऊन अडकलं होतं!

तेवढ्यात गर्दी फोडत आत्या आली. "कुठाय तो मेला? कापलंस का? कापलंस?" मग तिची नजर चपानावर गेली. "हे... हे नव्हे ते. माझे वडील दारातून वाकून यायचे. कोणाचं आणलंस हे उचलून?" ती जवळ आली. मखमलीला हात लावला. गोधडीतला अक्रोडाचा पाला उचलून नाकाशी धरला आणि मटकन स्टुलावर बसली. "वास तर आमच्या घराचाच आहे," ती हळूच म्हणाली.

"बाजूला व्हा."

दारात काठी वाजली. नोरमामत बोबा उभे होते. दाराची चौकट त्यांना कमी पडत होती. वाकून आत आले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि डाव्या खांद्यापाशी थांबले. तिथे मखमलीवर एक काळपट डाग होता. बोबांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे त्याचंच," ते म्हणाले. "हा डाग माझा आहे."

"तुमचा?" पोलिसाने वही काढली.

"माझ्या नाकाचं रक्त. खिशात घाल ती वही! कुस्ती संपली, मी आपटून नाक फोडून घेतलेलं. त्याच्या अंगावर नुकतंच हे चपान घातलं होतं. नवं कोरं. तसाच धावत आला आणि मला मिठी मारली. माझं नाक गळत होतं. थेंब पडला तो इथे, खांद्याच्या वर." बोबांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. "वर! कळलं का? त्याचं डोकं माझ्या छातीला लागत होतं."

सगळ्यांच्या नजरा एकदा त्या डागाकडे, एकदा बोबांच्या हनुवटीकडे जात होत्या. मलाही मान वळवून बघायचं होतं, पण कर्र व्हायची भीती!

"मग तो डोंगर?" व्याह्यांनी विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"अरे, माझ्यासारख्या ताडमाड माणसाला एवढ्याशा माणसाने पाठीवर घेतलं, हे मी लग्नाच्या वयात कोणत्या तोंडाने सांगायचं? मला मुलगी कोणी दिली असती? ज्यांनी कुस्ती पाहिली नव्हती त्यांना सुरुवातीला म्हणालो, माझ्याएवढा होता. लोकांनी विश्वास ठेवला. मग दर हिवाळ्यात त्याला बोटभर वाढवत गेलो. तो गेलेला, तक्रार करायला येणार थोडाच!" बोबा हसले, आणि हसता हसता त्यांनी नाक पुसलं. "त्या दिवशी मैदानात दहा गावचे पहिलवान होते. सगळे माझ्यासारखे. हा सतरंजीवर आला तेव्हा लोक हसले. मीही हसलो. मग एकेक जण आडवा होत गेला आणि हसणं कमी होत गेलं. शेवटी माझी पाळी आली तेव्हा मैदानात कोणी खोकत नव्हतं."

"पण कसं हो?" व्याही चादर सावरत पुढे सरकले. "कसं करायचे ते?"

"खालून यायचा. तुम्ही समोर बघत असता आणि तो समोर नसतोच! कमरपट्ट्याला हात लागल्याचं कळतं. मग पायाखाली जमीन नसते. आभाळ असतं. एवढं आभाळ मी पुन्हा पाहिलं नाही."

पोलिसाने टोपी काढली. नानवाल्याने झारा खाली ठेवला. मी लहानपणापासून डोंगराएवढ्या आजोबांचा नातू होतो, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. डोंगराने माणसं आडवी केली तर त्यात काय मोठंसं? पण त्या कोपरापर्यंत येणाऱ्या बाहीतून एक हात गेला होता, माझ्याहून आखूड हात, आणि त्याने दहा गावं उचलली होती! माझ्या अंगावर काटा आला. काटा आला आणि चपान आणखी घट्ट झालं.

"मला आता कोणी बाहेर काढेल का?" मी विचारलं.

"कापू नका!" आत्या ओरडली.

"मग व्याह्यांना कापावं लागेल," तुरसुनकुल गंभीरपणे म्हणाले.

खोलबेका ओपा माझ्यामागे आली. तिने डाव्या बाहीची शिवण चाचपली, पुन्हा चाचपली आणि भुवया वर केल्या. "वस्तरा आणा. कात्री फार जाड आहे याला." ओयसुलुव माझ्या दुकानातून वस्तरा घेऊन आली. खोलबेका ओपाने त्याच्या टोकाने एकेक टाका उचलायला सुरुवात केली. कापड नाही, फक्त दोरा. इतकं शांत होतं की दोरा तुटल्याचं ऐकू येत होतं.

पाच-सहा टाके सुटले आणि शिवणीच्या आतून काहीतरी उलगडलं. आत दुमडून ठेवलेली मखमलीची पट्टी. उन्हाला, धुळीला कधी न दाखवलेली. अहो, काय रंग तो! आत्ताच फोडलेल्या डाळिंबासारखा! बाहेरची मखमल त्याच्यापुढे जुन्या विटेसारखी दिसायला लागली.

"ही माया बघा," खोलबेका ओपा म्हणाली. तिचा आवाज मी ओळखलाच नाही. "एवढी माया! दोन्ही बाह्यांना, दोन्ही कुशींना, खाली घेरालासुद्धा. जिंकणाऱ्याला घालायचं चपान धिप्पाड माणसाच्या मापाचंच शिवलेलं असणार. घरी आणल्यावर कोणीतरी ते त्यांच्या मापाचं केलं. हाताने! आणि एक चिंधी कापली नाही. सगळं आत दुमडून ठेवलं."

"आईचा टाका आहे तो," आत्या म्हणाली. तिने चष्मा शोधला. चष्मा डोळ्यांवरच होता. "उलटा टाका. डावरी होती ती. एशमुरोदचा बाप तेव्हा पोटात होता. म्हणायची, हा बापावर जातो की माझ्या भावांवर जातो, कोण जाणे. माझे मामा सगळे आडव्या अंगाचे होते."

सगळ्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मी आजीच्या भावांवर गेलो होतो, यात शंका उरली नाही.

डावी बाही सुटली, माझा हात मोकळा झाला. मग उजवाही निघाला. खोलबेका ओपाने चपान टेबलावर पसरलं, सगळ्या शिवणींवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ठेवा," ती म्हणाली. "सगळी माया सोडली तर तुला बसेल. मोकळं बसेल. तुझ्यासाठीच ठेवलीय म्हण ना."

आयुष्यभर मी कपड्यांवर निकाल देत आलो. आणि त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटेना! मला ते चपान हवं होतं. देनोवच्या सगळ्या पहिलवानांपुढे ते घालून मिरवायचं होतं. पण आत्या तिकडे एका उसवलेल्या टाक्याचा दोरा बोटाला गुंडाळत होती. लहानपणी बुटक्या दारातून वाकून येताना पाहिलेले तिचे वडील काल डोंगराएवढे होते. आज एवढेसे झाले होते, आणि त्या मापाचं तेवढंच एक जगात उरलं होतं. ते मी माझ्या पोटासाठी सोडवायचं?

"शिवून टाका," मी म्हणालो. "होतं तसं."

"होतं तसं?" ओयसुलुवने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"मग घालणार कोण?" खोलबेका ओपाने विचारलं.

"ज्याला बसेल तो."

आत्याने जवळ येऊन माझ्या गालाचा असा चिमटा काढला की तो दोन दिवस लाल होता.

व्याही घसा खाकरून पुढे आले. मला वाटलं, आता सोयरीक मोडतात! त्यांनी दोन्ही हात छातीवर ठेवले आणि चपानापुढे वाकले. चादर सुटली, ती खरबूजवाल्याने वरच्या वर धरली. "डोंगराच्या घरची मुलगी मिळतेय म्हणून मी खूश होतो," ते म्हणाले. "पण हे त्याच्या वरचं आहे. आता कोणी अडवलं तरी लग्न होणार! फक्त आधी माझा दुसरा गाल करा."

चपान बसलं ते अनोराला. मला आधी सुचलंच नाही. मुलगी ठेंगणी म्हणून आम्ही टाचेचे बूट शोधत फिरत होतो! संध्याकाळी तिने सहज अंगात घातलं, आणि खांद्यापासून घोट्यापर्यंत असं बसलं की आत्या उठून दाराला कडी लावून आली, नजर नको म्हणून. लग्नाच्या दिवशी ते घालून ती ओट्यावर उभी राहिली तेव्हा देनोवचे दांडगे दांडगे पहिलवान खालच्या मानेने बाजूला झाले. जावई तर तिच्याशी इतक्या अदबीने बोलत होता की मला त्याची दयाच आली.

जेवणं झाल्यावर अंगणात सतरंज्या पसरून कुस्त्या सुरू झाल्या. नोरमामत बोबा मधोमध बसून आजोबांची गोष्ट सांगत होते, खऱ्या उंचीची. आवारातले झाडून सगळे ठेंगू ताठ होऊन ऐकत होते. मीही ऐकत होतो. पोटात पुलाव होता, डोक्यात रक्त चढलं होतं. म्हटलं, एशमुरोद, आजोबांचं चपान तुला बसलं नाही, पण रक्त तर तेच आहे! एकदा बघायला काय हरकत आहे?

"व्याही!" मी गरजलो. "या सतरंजीवर!"

ओयसुलुव लांबून हात हलवत होती. मला वाटलं, प्रोत्साहन देतेय. तुरसुनकुल हसत हसत आले. आम्ही कमरपट्टे धरले. मी डोळे मिटले, आजोबांचं नाव घेतलं आणि बोबांनी सांगितलं होतं अगदी तसाच, विजेसारखा, खालून गेलो.

आणि खालीच राहिलो!

व्याह्यांना माझ्यावरून उचलायला त्यांचे तीन भाऊ आणि पोलीस लागला. मी पाठीवर पडून होतो. वर आभाळ होतं, खरंच खूप मोठं. तेवढ्यात ओयसुलुव धावत आली आणि माझ्याशेजारी गुडघे टेकून बसली. माझे डोळे भरून आले. तिने मला हळुवारपणे कुशीवर वळवलं, पाठीवरून हात फिरवला, काखेत बघितलं.

"शिवण शाबूत आहे!" तिने सगळ्यांना ओरडून सांगितलं. "नवं चपान आहे हो, भाड्याने आणलंय!"

माझ्याबद्दल मात्र ती काही बोलली नाही.